साध्या हवेसाठी मशीन कशाला?

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की भैरवी वाकळे दुसऱ्यांशी भांडते आणि स्वतःचं तेवढं झाकून ठेवते.

विमानाचा अर्ज मी भरला होता. 'सोबत वैद्यकीय उपकरण आहे का?' असा एक रकाना होता. त्यात मी ऐटीत लिहिलं, 'होय. आबांची ऑक्सिजनची मशीन.' आमच्या घरी तिला तेच म्हणतात. आई म्हणते, शेजारी म्हणतात, दूधवाले काकासुद्धा विचारतात, "आबांना काल ऑक्सिजन लावला का?" त्या मशीनमध्ये ऑक्सिजन खरंच असतो का, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर सातवीत विज्ञानात पहिली आहे!

त्या एका शब्दामुळे मोरदरी विमानतळाच्या फाटकात 'दक्ष' नावाचा यंत्रमानव आमच्यासमोर दोन्ही हात आडवे करून उभा राहिला.

"आपल्या नोंदीत ऑक्सिजन आहे," तो गोड आवाजात म्हणाला. "ऑक्सिजनने आग भडकते. प्रवाशांनी स्वतःचा ऑक्सिजन विमानात नेण्यास मनाई आहे. कृपया बाजूला व्हा."

"अहो, पण ती आबांची रोजची मशीन आहे!"

"कृपया बाजूला व्हा."

आबा म्हणजे माझे आजोबा, निवृत्ती वाकळे. चाळीस वर्षं त्यांनी विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त केल्या. त्यांना स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत पुन्हा पुन्हा श्वास थांबण्याचा विकार) आहे. मशीन नसेल तर ते छप्पर हलेल असे घोरतात आणि मध्येच एकदम गप्प होतात. दहा सेकंद, वीस सेकंद, श्वासच नाही. मग गुदमरून दचकून उठतात. डॉक्टरांनी बजावलंय, दिवसा डुलकी घेतली तरी मशीन लागलीच पाहिजे.

आणि आज जाणं भागच होतं. माझी प्रणिताआत्या, म्हणजे आबांची मुलगी, दोन वर्षांसाठी चंद्रावर निघाली होती. तिचं यान ऑस्ट्रेलियातून उडणार होतं. उद्या दुपारी बारानंतर ती विलगीकरणात (रोग लागू नये म्हणून सगळ्यांपासून वेगळं राहणं) जाणार होती. त्याआधी भेटायला दोनच माणसांना परवानगी होती, आबांना आणि मला. सकाळचं नऊचं हे विमान चुकलं असतं, तर पुढचं थेट परवा होतं.

"पर्याय उपलब्ध आहे," दक्ष म्हणाला. "यंत्र इथे ठेवून आपण प्रवास करू शकता."

आबांनी लगेच मान डोलावली. त्यांना चारचौघांत वाद घालायला अजिबात आवडत नाही. "ठेवू या गं भैरू. अकरा तासांचा तर प्रश्न आहे. मी जागा राहीन."

"आबा, तुम्ही सातच्या बातम्यांत हवामान सांगेपर्यंत जागे राहत नाही!"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. आबांचं तोंड उतरलं आणि मला माझाच राग आला. पण त्याहून जास्त राग आला त्या गोड आवाजाचा. मी बॅग जमिनीवर ठेवली आणि फाटकाच्या मधोमध मांडी घालून बसले.

"मी हलणार नाही," मी म्हणाले. "माणसाला बोलवा."

माणूस आलं. बिडवे मॅडम, त्या पाळीच्या अधिकारी. हातात ताकाचा पेला, त्यात कागदी नळी. बिचाऱ्या नाश्ता सोडून आल्या होत्या. मी सगळं भडाभडा सांगितलं. त्यांनी मशीन उलटसुलट करून पाहिली. मागे एक छोटीशी जाळी होती आणि पुढे लवचिक पाइप.

"यात सिलिंडर कुठंय?" त्यांनी विचारलं.

"नाहीच आहे, मॅडम," आबा हळूच म्हणाले. "हिचं नाव सीपॅप (सतत ठरावीक दाबाने हवा देणारं यंत्र). मागच्या जाळीतून खोलीतलीच हवा आत ओढते, गाळते आणि पुढे ढकलते. आमच्या घरचे आपले उगाच ऑक्सिजन म्हणतात."

मी आबांकडे पाहतच राहिले. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं नाही."

बिडवे मॅडम मात्र गोंधळल्या. "पण काका, साधीच हवा द्यायची तर मशीन कशाला? हवा काय, सगळीकडे फुकटच आहे की!"

खरं सांगू? मी ज्याच्यासाठी फाटक अडवून बसले होते, तेच मला कळलेलं नव्हतं.

आबांनी मात्र बाह्या सरसावल्या. मोटारीचा विषय निघाला की ते असंच करतात. "मॅडम, ते ताक प्या बरं जरा जोरात."

मॅडमनी नळी तोंडात धरली. नळी एव्हाना भिजून मऊ झाली होती. त्यांनी जोरात ओढलं, तशी नळी मधोमध चपटी झाली आणि ताक वर येईना.

"आता तिच्यातून फुंका."

त्यांनी फुंकर मारली. नळी पुन्हा गोल झाली आणि ताकात बुडबुडे आले.

"हाच माझा आजार, आणि हेच त्याचं औषध," आबा म्हणाले. "विहिरीतून पाणी ओढणारा पाइप नेहमी कडक लागतो. का? तर ओढताना पाइपाच्या आतला दाब कमी होतो आणि बाहेरचा दाब त्याला चेपतो. तिथं कुणी मऊ लपेटा पाइप (गुंडाळून ठेवता येणारा चपटा पाइप) जोडला, तर तो चिकटून बसतो आणि मोटार नुसती तडफडते. तोच लपेटा मोटारीच्या पुढच्या बाजूला जोडा. पाणी आतून रेटा देतं आणि पाइप फुगून टणटणीत उभा राहतो."

"पण याचा घशाशी काय संबंध?" मी विचारलं.

"घसा म्हणजे लपेटाच की! जागेपणी स्नायू त्याला ताणून धरतात. झोपेत ते सैल पडतात. छाती हवा ओढते, मऊ घसा चेपला जातो आणि श्वास बंद. काहींचा थोडाच चेपतो, माझा पुरता मिटतो. मशीन काय करते? नाकातून हवेचा हलकासा रेटा देते. त्या दाबाने घसा आतून उघडा राहतो. हवा तीच, फक्त तिला दाब दिलेला. मला हवा कमी पडत नाही गं, हवेची वाट बंद होते."

एवढं सोपं होतं! आणि आम्ही सगळे खुशाल ऑक्सिजन ऑक्सिजन करत बसलो होतो.

"समजलं," बिडवे मॅडम म्हणाल्या. "दक्ष, यांना सोडा."

"क्षमस्व," दक्ष म्हणाला. "नोंदीत ऑक्सिजन आहे. तोंडी स्पष्टीकरणाने नोंद बदलत नाही. त्यासाठी मोजमाप लागते."

"मग मोज की!" मी ताडकन उठले. "सिलिंडर गळतात का ते तपासायला तुझ्या बोटात प्राणवायुमापक (हवेत ऑक्सिजन किती ते मोजणारं उपकरण) आहे. तिथं पाटीवरच लिहिलंय. घाल ते बोट पाइपात!"

दक्षने बोट पुढे केलं. "मान्य. यंत्र सुरू करा."

इथे खरी गोची झाली. आबांची मशीन मास्क लावून श्वास घेतल्याशिवाय सुरूच होत नाही, आणि मास्क आबांच्याच चेहऱ्याच्या मापाचा. आणि आबा दार लावल्याशिवाय कधीच मास्क लावत नाहीत. एकदा सहलीला गेले असताना कुणीतरी त्यांना 'सोंडवाले' म्हटलं होतं. तेव्हापासून त्यांनी कुणाकडे मुक्काम केला नाही. प्रणिताआत्याने किती वेळा बोलावलं, पण आबांचं आपलं एकच उत्तर, कामं आहेत. निवृत्त माणसाला कसली कामं?

पाठीमागे चाळीसेक माणसं उभी होती. एक काका तर मोबाइल वर धरून सज्जच होते.

आबांनी बॅगेची चेन ओढली, पुन्हा लावली. "चल भैरू, घरी जाऊ," ते पुटपुटले. "आत्याला फोनवर बघू."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण मी रडत नाही, मी चिडते. "चष्मा लावायला लाजता का तुम्ही? नाही ना? डोळ्यांना काच लागते, घशाला हवा लागते. हसणारे हसू देत. त्यांच्या हसण्यापायी तुम्ही तुमच्या लेकीला भेटणार नाही?"

आबांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, बॅगेतून मास्क काढला आणि रांगेकडे तोंड करून, अगदी सगळ्यांना दिसेल असा, नाकावर चढवला. पट्टे डोक्यामागे करकचून ओढले. मग मोबाइलवाल्या काकांना म्हणाले, "नीट दिसतंय ना? का जरा उजेडात येऊ?"

काकांनी मोबाइल खिशात घातला.

आबांनी श्वास घेतला आणि मशीन घुं करून सुरू झाली. दक्षने आधी मोकळ्या हवेत बोट धरलं. पडद्यावर आकडा आला, वीस पूर्णांक नऊ टक्के. मग मशीनजवळ पाइपाच्या जोडात बोट घातलं. आकडा हलला नाही. वीस पूर्णांक नऊ.

"दोन्हींत ऑक्सिजन समान," दक्ष म्हणाला. "नोंद चुकीची आहे. नोंद दुरुस्त केली."

"आणि माफी?" मी विचारलं.

"नोंद आपण भरली होती," दक्ष म्हणाला. यावर मी बॅग उचलली. बिडवे मॅडमनी मात्र तिथल्या तिथे दक्षच्या परवानगीच्या यादीत एक नवं नाव घालून घेतलं, 'दाबाच्या हवेचं यंत्र'. म्हणजे पुढच्या माणसाला फाटकात मांडी घालायला नको.

विमान वर गेलं तेव्हा आबांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. खूप उंचावर बाहेरची हवा विरळ असते. विमानात दाबून भरलेली हवा असते, तरी ती जमिनीवरच्यापेक्षा थोडी विरळच. म्हणून मशीनचा पंखा तिथं आपोआप जास्त जोरात फिरायला लागला, घशाला लागणारा रेटा तेवढाच राहावा म्हणून. शेजारच्या बाई घाबरून म्हणाल्या, "यांना काही होत तर नाही ना?"

"काही होऊ नये, म्हणूनच लावलंय," आबा म्हणाले आणि दुसऱ्या मिनिटाला झोपले. मी त्यांच्या छातीकडे बघत बसले. वर, खाली, वर, खाली. एकदाही थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या अंतराळ केंद्राच्या दारात उभी होती. आबांना बघून ती धावत सुटली आणि लहान मुलीसारखी त्यांच्या गळ्यात पडली. बराच वेळ दोघंही नुसते रडत होते, मग नुसते हसत होते. तिने आम्हाला चंद्रावरच्या तिच्या घराचा नमुना दाखवला. ते चक्क जाड कापडाचं होतं! चंद्रावर बाहेर हवाच नाही. आत भरलेल्या हवेच्या दाबाने ते घर उभं राहतं. आबांनी कापडावर थाप मारली आणि मला डोळा मारला. मला सगळं कळलं होतं, कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

पावणेबारा वाजले. आत्या म्हणाली, "आबा, दोन वर्षांनी यान नेमकं कुठं उतरेल, ते अजून ठरलेलं नाही. एखाद्या समुद्रातसुद्धा उतरवतील. तुम्ही घरीच थांबा, मी येईन भेटायला."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू कुठंही उतर," ते म्हणाले. "तुला न्यायला मी येणार."