पाठमोरी आई

"चोर म्हणाले मला. सगळ्या युनिटसमोर," लेखिका म्हणाली. मांडीवर बाळ झोपलं होतं म्हणून आवाज दबका, पण दातओठ खाऊन.

तिच्या कादंबरीवर मालिका होत होती. शेवटचा प्रसंग आधीच एका वर्तमानपत्रात फुटला आणि निर्मात्याने खापर तिच्यावर फोडलं. करारात स्पष्ट होतं: तिच्या परवानगीशिवाय शेवट बदलायचा नाही, मात्र तिने गुप्तता मोडली तर तो हक्क गेला. आता कथेच्या शेवटी घर सोडून गेलेल्या आईला परत आणून तो मालिका ताणणार होता.

"तिला परत आणलं तर माझ्या पुस्तकात उरलं काय?"

तिचं ऐकत होते वहिनी आणि त्यांचे दीर, म्हणजे भावजी. खासगी तपास वहिनींचा. गाडी चालवणं आणि भलते अंदाज बांधणं भावजींचं. बातमी दोघांनी वाचली. आई लेकीशी चकार शब्द न बोलता दाराबाहेर पडते, ती शांतता काळीज चिरते, असं त्यात होतं.

मग दोघं युनिटमधल्या एकेकाला भेटले. पटकथाकार अजून धुमसत होता. दारातलं आईचं बोलणं कादंबरीतलं जसंच्या तसं राहावं म्हणून तो दिग्दर्शकाशी हमरीतुमरीवर आला होता. दिग्दर्शक म्हणाला, ते बोलणं तालमीत ऐकलं आणि वाद सोडला. फक्त लेकीचा चेहरा दिसावा म्हणून आईला पाठमोरी ठेवली. आईचं काम करणाऱ्या नटीचा घसा बसलेला. चित्रीकरणात शेजारी ड्रिल चालू होतं, आवाज वाया गेला, डबिंग राहिलंय, असं ती कुजबुजली. संकलकाने पटकथा समोर ठेवून मुकंच दृश्य जोडलं होतं. ते सगळ्यांनी पाहिलं, निर्मात्यानेही.

निर्मात्याच्या केबिनमध्ये कादंबरी कपाटात मांडलेली होती, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. "पुस्तकं, पटकथा कोण वाचत बसतो? मी पडद्यावर बघतो," तो हसला.

"नटीच," भावजी बाहेर येऊन म्हणाले. "बोलून बोलूनच घसा बसलाय."

वहिनींनी लेखिकेला बोलावून घेतलं आणि पुन्हा केबिन गाठली.

"कादंबरीत आई बोलते," त्या निर्मात्याला म्हणाल्या. "पटकथेत बोलते, कॅमेऱ्यासमोरही बोलली. गप्प आहे ती फक्त त्या मुक्या जोडणीत. पाठमोरी, म्हणून ओठही दिसत नाहीत. ज्याने ते शब्द लिहिले, म्हटले, ऐकले किंवा समोर ठेवून दृश्य जोडलं, तो तिला मुकी कशाला म्हणेल? शब्द माहीतच नसलेला माणूस एकच. आणि शेवट बदलायची घाईही त्यालाच."

"बातमीदाराने चुकीचं लिहिलं असेल."

"त्याला विचारू. तुमच्यासमोरच."

वहिनींनी फोन हातात घेतला तसा निर्मात्याचा चेहरा उतरला. त्याने उठून दार लावून घेतलं. "बाई, घरातल्या घरात मिटवू. शेवट तुमचाच राहील. मी माफी मागतो."

लेखिकेने दार सताड उघडलं.

"इथे नको. चोर म्हणालात तेव्हा सगळे होते. सेटवर चला."

"शूटिंग चालू आहे."

"थांबवा."