भिंतीलगतची सहा फुलं

योपला फुलं बघता येत नाहीत, असं नेल चारचौघांत सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चाळीस वर्षं त्याने ट्यूलिपच्या शेतांत रोगी झाडं शोधण्याचं काम केलं होतं. उन्हाकडे पाठ करायची, वाफ्यांमधून मान खाली घालून चालायचं, आणि पांढऱ्या पाकळीवर लाल रेघ दिसली की झाड कंदासकट उपटून बादलीत टाकायचं. रेघ दिसायला देखणी असते, पण ती रोगाची असते. असं एक झाड चुकून राहिलं की त्याच्यावरचा मावा, ती बारीक कीड, रोग घेऊन शेजारच्या झाडावर जातो आणि बघता बघता वाफा हातचा जातो. लाखो फुलं योपच्या डोळ्यांखालून गेली, पण फूल म्हणून त्याने एकही पाहिलं नाही.

तो निवृत्त झाला तेव्हा नेलने बागेत दोन खुर्च्या मांडल्या आणि त्याला हाताला धरून बसवलं. डे झिल्क गावात, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमागे त्यांचं घर. मागची बाग पंधरा पावलांची. फेब्रुवारीत कुंपणापाशी स्नोड्रॉप मान खाली घालून उगवायचे. मग क्रोकस, उन्हाची तिरीप आली तरच उघडणारे. मार्चअखेर हायसिंथचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा आणि नेल म्हणायची, "आता लोकरी मोजे धुऊन ठेवायला हरकत नाही."

"या डॅफोडिलचं पान पिवळं पडलंय," योप म्हणायचा.

"पडू दे की. तूही पडलायस. तुला टाकलं का मी बादलीत?"

असं त्यांचं चालायचं. हळूहळू योपला मजा यायला लागली. सकाळची कॉफी घेऊन तो थंडीतही बाहेर बसायला लागला, आणि आज काय उघडलं ते नेलला आत येऊन सांगायला लागला. इतक्या वर्षांनी आपल्याला वसंत ऋतू मिळाला, असं त्याला वाटे.

भिंतीलगतच्या वाफ्यात मात्र फक्त नेलचा हात लागायचा. दर ऑक्टोबरात ती तिथे पांढऱ्या ट्यूलिपचे सहा कंद लावी. नाताळच्या जेवणाला जी माणसं टेबलाभोवती बसत, त्यांच्यातल्या प्रत्येकाचा एक, आणि ती बसत त्याच क्रमाने. पहिला तिचा थोरला भाऊ सीम, मग शेजारच्या बेपमावशी, मग नेल स्वतः, योप, मुलगी इल्से आणि शेवटी पाच वर्षांची नात फेना. नेलच्या आईनेही असंच लावलं होतं. त्यामागे काही समजूत वगैरे नव्हती. आपली माणसं फुलताना बघायला तिला आवडायचं, एवढंच.

त्या वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सहाही कळ्या उघडल्या. योप कॉफी घेऊन बाहेर आला, आणि पहिल्या फुलावर त्याला रेघ दिसली. देठापासून वर निघालेली, केसाएवढी बारीक, लाल. त्याने विचार केला नाही. हात आपोआप खाली गेला, दोन बोटं मातीत शिरली आणि फूल कंदासकट वर आलं.

नेल दारातून ओरडली. "अरे, सीमचं होतं ते! आज तो जेवायला येणार आहे, आता त्याला काय दाखवू?"

"रोगट होतं."

"फूल होतं. शेत नाही हे, योप."

सीम जेवायला आला नाही. कालव्याकाठच्या रस्त्यावर त्याची सायकल नीट स्टँडवर लावलेली सापडली, आणि तो शेजारच्या बाकावर बसलेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय एकोणऐंशी. नेल खूप रडली, आणि योपने तिला जवळ घेतलं. फुलाचं त्याच्या मनातही आलं नाही.

नऊ दिवसांनी बेपमावशींच्या फुलावर रेघ आली. आता याला काय म्हणावं, सवय म्हणजे सवय. योपने ते उपटलं, कंदाची माती झटकली, आणि मान वर केली तर कुंपणापलीकडे बेपमावशी कपडे वाळत घालत होत्या.

"माझंच काढलंस ना रे, चोरा?" त्या हसून म्हणाल्या. "चौऱ्याऐंशी वर्षांची झाले मी. थोडी कळ काढायचीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दर्शनी खिडकीचे पडदे बंद होते. त्या गल्लीत दिवसा कुणी पडदे ओढत नाही. घरात माणूस गेलं असेल तरच ओढतात. योप रस्त्यावर उभा राहून त्या पडद्यांकडे बराच वेळ बघत राहिला.

तो भोळा नव्हता. दोन म्हातारी माणसं, एक हृदयाने गेलं, एक झोपेत. असं होतं. हे त्याने स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. पण त्या दिवसापासून तो कॉफी बाहेर नेताना आधी तिसऱ्या फुलाकडे बघायला लागला.

मे महिन्याच्या एक तारखेला तिसऱ्या फुलावर रेघ आली.

योपने दोन्ही हात खिशात घातले. उन्हात ते फूल इतकं सुंदर दिसत होतं की त्याला भडभडून आलं. पानाखाली हिरवा मावा होता. डावीकडची जागा रिकामी होती. उजवीकडे तो स्वतः, त्याच्यापुढे इल्से, आणि टोकाला फेना.

उपटावं तर नेल. ठेवावं तर पुढची तिघं. आयुष्यभर या प्रश्नाचं एकच उत्तर त्याच्या हाताला ठाऊक होतं.

"अय्या!" नेल मागे येऊन उभी राहिली. "हे बघ माझं! सगळ्यांत देखणं निघालं की. आणि तू अजून उपटलं नाहीस?"

"नाही."

"बरा आहेस ना?"

"तुला आवडतं ना ते? मग राहू दे."

तिने त्याच्या गालाला हात लावला. एवढ्या वर्षांच्या संसारात ती अशी क्वचितच हरखली होती.

मग योप दिवसभर बागेत राहायला लागला. बोटाने पानापानावरचा मावा चिरडायचा. आपलं, इल्सेचं आणि फेनाचं फूल तो उन्हाकडे पाठ करून तपासायचा. तिन्ही पांढरीशुभ्र. लागण यंदा झाली तरी रेघ पुढल्या वर्षी दिसते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण तो बघायचा. जेवण सुटलं. इल्सेने फोनवर रविवारी येऊ का विचारलं, तर त्याने पाणावल्या डोळ्यांनी नको सांगितलं.

"काय झालंय तुला?" नेलने विचारलं.

"काही नाही."

"त्या फुलाचंच ना?"

तो पुढचं पान उलटून बघू लागला. काय सांगणार होता?

रविवारी दुपारी तो मावा मारायचं साबणाचं पाणी आणायला अवजारांच्या खोलीत गेला. पाच मिनिटं, फार तर सहा. परत आला तेव्हा नेल स्वयंपाकघराच्या नळाखाली हात धूत होती. हातांना वाळू होती.

"घे," ती म्हणाली. "झाली तुझी सुटका."

टेबलावर पाण्याच्या काचेच्या ग्लासात तिसरं फूल होतं. देठ, पानं, कंद, खालची पांढरी मुळं, सगळं. नखाचाही ओरखडा न लागू देता तिने ते काढलं होतं.

"माझ्यासाठी तू ते ठेवलंस, मला कळलं रे. पण तब्येत खालावत चाललीय तुझी. एका फुलापायी नवऱ्याला घालवू का मी?" तिने हात पुसले. "फेकवेना मात्र. म्हणून ग्लासात ठेवलं. आता तरी हास."

योप हसला. कसं ते त्याचं त्यालाच माहीत. मग त्याने ग्लासातलं पाणी बदलून गार पाणी भरलं. कंदाला पाणी फक्त टेकेल, बुडवणार नाही, इतकंच. चाळीस वर्षं ज्यांना मारलं, त्यातलं एक जगवायचं कसं, हे तो आठवून आठवून करत होता.

"किती काळजी घेतोस!" नेल म्हणाली.

"टिकलं पाहिजे."

"किती दिवस टिकतं असं?"

योपने ग्लास दोन्ही हातांनी उचलला.

काढलेलं ट्यूलिपही वाढत राहतं आणि उजेडाकडे वळतं. त्याने ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, फुलाचं तोंड काचेकडे केलं. बाहेर लख्ख ऊन होतं. नेलने कॉफी ओतली, टेबलाशी आपल्या खुर्चीत बसली आणि इल्सेला फोन लावून सांगू लागली, की बाबा आता बरे आहेत, पुढच्या रविवारी नक्की या.

ती बोलत असताना योपने वळून पाहिलं. फुलाने खिडकीकडे पाठ करून नेलकडे तोंड केलं होतं.

त्याने ग्लास फिरवला.

"इथे फार ऊन लागतंय," नेल म्हणाली, आणि फोन कानाशी धरूनच उठून योपच्या खुर्चीत, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

योप कट्ट्याशी उभा राहिला. कॉफी गार झाली. मग त्याच्या डोळ्यांदेखत देठ हळूच वाकला, आणि पांढरं, लाल रेघेचं ते फूल टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे वळलं.