कडीच्या मधोमध

दादा पैसे भरून उडी मारायला आलेल्या पाहुण्याला पट्ट्यांनी छातीशी जखडून विमानातून उडी मारतो आणि मी, त्याची धाकटी बहीण, डोक्यावर कॅमेरा लावून त्यांच्यासमोर पडत राहते. पाहुण्याचा चेहरा टिपायचा, एवढंच माझं काम. वर नेमकं काय झालं ते माणसं विसरतात. फिल्म मात्र वर्षानुवर्षं घरी आल्यागेल्यांना दाखवतात.

जुन्या हेल्मेटला तडा गेला, म्हणून मी उडीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार काका एकेकाळी हेच काम करायचे. जड कॅमेऱ्याच्या हिसक्यांनी त्यांची मान कायमची धरली होती. बाजूला बघायचं तर ते कमरेपासून वळत.

"कॅमेरा टाळूवर हवा की कानाशी?"

"फरक काय पडतो?"

"टाळूवर असला की तोल बरा राहतो, पण पॅराशूटची दोरी अडकायची भीती. कानाशी असला तर दोरी सहसा अडकत नाही, पण मान एकीकडे ओढते. एकूण काय, दुखणं आपल्या आवडीचं निवडायचं."

मी टाळूवरचं निवडलं. हनुवटीखाली लाल पट्टा होता. दोरी अडकलीच तर तो ओढला की हेल्मेट सुटून जातं. उजव्या डोळ्यासमोर काचेची लहानशी कडी. कडीत माणूस धरला की तो फिल्मच्याही मधोमध येतो. दुकानातच काकांना कडीत धरून पाहिलं. अगदी मधोमध आले.

पहिल्या उडीला एक नवा नवरा होता. वाऱ्याने त्याचे गाल पिशवीसारखे फुगले होते, डोळ्यांत पाणी होतं आणि तो हसत होता. खाली आल्यावर त्याच्या बायकोला शेजारी बसवून मी फिल्म लावली. विमानाचं दार दिसलं. मग आभाळ. एकदा कडेला दादाचा बूट दिसला, तेवढाच.

"हा कुठेय यात?" तिने विचारलं.

"कॅमेरा सरकला असणार," मी म्हणाले आणि मान खाली घातली. दादाने माझ्या वतीने माफी मागितली.

"नाचता येईना, हेल्मेट वाकडं," नंतर तो मला हसून म्हणाला. तोवर हसण्यावारी नेण्यासारखंच होतं ते.

काकांनी एकूण एक स्क्रू तपासला. "हे तर सरळ आहे, पोरी." तरी मी कानाशी कॅमेरा असलेलं बदलून घेतलं.

पुढच्या उडीला एक नर्स होती. पुन्हा आभाळच आलं. ती बिचारी "असू दे हो" म्हणत राहिली, आणि तिने रागावून बोलावं असं मला वाटत राहिलं. ती गेल्यावर मी ती फिल्म एकटीने नीट पाहिली.

चौकट कुठेही भरकटत नव्हती. हात पसरून पडणारा माणूस समोर असला की मी जेवढी जागा सोडते तेवढीच सोडलेली होती, आणि ती रिकामी होती. त्या जागेभोवती मी हळूच अर्धी फेरीही मारली होती. इतकं सुरेख काम मी क्वचितच केलं असेल.

पॅराशूट उघडलं की दादा आणि पाहुणा झटक्यात वर खेचले जातात, आणि माझी मान त्यांच्यामागे वर जाते. त्या दिवशीही गेली होती. पॅराशूटचा पिवळा रंग मला चांगला आठवत होता.

फिल्ममध्ये चौकट वर गेलीच नाही. ती खाली गेली. सावकाश, कुणाला तरी सोबत केल्यासारखी, शेतं दिसेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी दादाने आपल्या मनगटावर छोटा कॅमेरा बांधला. त्याच्या फिल्ममध्ये मी दिसत होते. माझं तोंड सरळ पाहुण्याकडे होतं, जराही हललं नव्हतं. माझ्या फिल्ममध्ये तेच आभाळ. दादाने दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिल्या आणि बंद केल्या.

"चिमणे, थोडे दिवस सुट्टी घेतेस का?"

"मी मुद्दाम करतेय का?"

"मी तसं म्हटलं का?"

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याच्या त्या सांभाळून बोलण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुन्हा दुकान गाठलं. चेहरा पूर्ण झाकणारं, कपाळावर कॅमेरा बसवलेलं हेल्मेट मागितलं. या वेळी काकांनी स्क्रू तपासले नाहीत. कमरेपासून वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, वर गेल्यावर तू कुणाकडे बघतेस?"

"पाहुण्याकडे."

"बरं," ते म्हणाले आणि हेल्मेट काढून दिलं.

त्या हेल्मेटच्या पहिल्या उडीला एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. सत्तरी ओलांडलेल्या; लेकीने वाढदिवसाची भेट म्हणून आणलं होतं. दादा मनगटाला कॅमेरा बांधू लागला तेव्हा मी म्हणाले, "माझ्यावर एवढाही विश्वास नाही?" त्याने मुकाट्याने कॅमेरा काढून ठेवला.

बाई घाबरल्या नाहीत. पडताना त्यांचे पांढरे केस टोपीखालून निसटून उभे राहिले होते. मी त्यांना कडीच्या मधोमध धरलं आणि डोळ्याची पापणीही न लववता धरून ठेवलं. खाली उतरल्यावर मी मनाशी म्हणाले, या वेळी नक्की.

बैठकीच्या खोलीत मायलेकी बसल्या. मी पडदा सुरू केला.

आभाळ.

लेक थोडा वेळ वाट पाहत राहिली. मग म्हणाली, "आई कुठेय?"

मी पडद्याकडेच पाहत राहिले, कारण तिच्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

तेव्हा ते दिसलं. मागचे ढग धूसर होत चालले होते. कुणी अगदी जवळ आलं की कॅमेरा त्याच्यावर नजर धरतो आणि मागचं सोडून देतो, तसे.

जवळ कुणीही नव्हतं.

लेक उठून बाहेर गेली, दादाशी बोलायला. दारातून तिचा चढलेला आवाज येत होता. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"तिचं मनावर घेऊ नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही कॅमेऱ्यात त्यांना घेतलंत ते बरं केलंत. माझ्याजवळ तुमचे दादा होते. त्या एकट्याच होत्या."

"कोण?"

मी काहीतरी असभ्य विचारल्यासारखा त्यांनी चेहरा केला. मग दाराकडे पाहून आवाज खाली आणला.

"नीट उतरल्या ना?"

मी काय सांगणार होते? एका म्हाताऱ्या बाईची आठवण मी आधीच हरवली होती. तिला आणखी दुखवायचं धाडस झालं नाही.

"हो," मी म्हणाले.

"मग येतीलच," त्या म्हणाल्या. समाधानाने त्यांनी शेजारची खुर्ची थोडी मागे ओढून मोकळी केली आणि पर्स उचलून लेकीच्या मागे निघून गेल्या.

बऱ्याच वेळाने दादा आत आला. दिवसभराच्या उड्यांनी त्याचे पाय भरून आले होते. तो गुडघे चोळत होता. खोलीत मागे ओढलेली ती एकच खुर्ची होती. तो तिच्यापाशी आला, अदबीने थोडा बाजूला झाला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.