शिरढोणहून परत

काटा साठच्या पुढे गेला की अण्णांची अँबॅसिडर थरथरायला लागे. कृष्णकांतांनी नोकरीभर विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासल्या होत्या. चालत्या गाडीचा गिअर काढला तरी थरथर कायम, म्हणजे इंजिनाचा दोष नाही. स्टिअरिंग शांत आणि हादरे सीटखालून, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारा लांब शाफ्ट. तो धावत्या गाडीखाली सुटला तर काय होतं, हे त्यांनी पाहिलं होतं. रविवारी त्यांची मुलगी अनुया अण्णा आजोबांच्या याच गाडीतून लग्नाच्या हॉलवर जाणार होती. तो तिचा हट्ट. थरथर गेली नाही तर दुसरी गाडी, हा त्यांचा.

पळस्प्याच्या गॅरेजवाल्या परेशने शाफ्ट उतरवला, दोन्ही टोकांच्या सांध्यांतले क्रॉस बदलले, बॅलन्सिंग करून आणलं आणि आधी करून ठेवलेल्या खुणा जुळवून पुन्हा चढवला. चाचणीची त्याची रीत ठरलेली होती. जाताना मागे बसून कान तळाशी लावायचा. शिरढोणच्या फाट्यावर उतरायचं, मागचं डावं दार उघडंच टाकून तंबाखू मळायची, मग दार लावून येताना पुढे बसायचं.

जाताना गाडी लोण्यासारखी गेली. येताना थरथरली.

पुन्हा गेले. पुन्हा तसंच.

परेशच्या मते मागे भार पडला की स्प्रिंगचे पाटे दबतात, शाफ्टचा कोन बदलतो आणि अशी थरथर येते. "पण काका, मागं तर कोन बसलेलं नाय," तो म्हणाला.

मागच्या चाकांना जोडणाऱ्या एक्सलच्या वर रबराचा ठोकळा असतो. मागे तीन भरभक्कम माणसं बसली तरच एक्सल त्याला टेकतो. परेशने त्या रबराला ग्रीस फासलं. शिरढोणला वाकून पाहिलं तेव्हा एक्सल कोरडा होता. गॅरेजात परतल्यावर त्यावर ग्रीसचा गोल ठसा होता.

कृष्णकांतांनी ते खड्ड्यावर ढकललं. परेशने ठसा फडक्याने पुसला. मग त्याने विचारलं, अण्णा शिरढोणला थांबायचे ना?

थांबायचे. भाजीच्या पाट्या घेऊन पनवेलच्या बाजाराला निघालेल्या बायकांना मागे बसवून आणायचे. सीटला मेथीचा वास लागतो म्हणून घरात कुरकुर व्हायची. मागचं डावं दार आतून कधीच उघडलं नाही. बाजारात अण्णा स्वतः उतरून ते उघडत, मग बायका उतरत.

"माजी आजी, गुणाबाई, त्यांच्यातलीच," परेश म्हणाला. "आता कोन नाय उरली."

पुढच्या फेरीला तो मागे बसायला म्हणून दार उघडून क्षणभर बाजूला उभा राहिला, कुणाला वाट द्यावी तसा. या वेळी शिरढोणला न थांबता गाडी वळवली. जाता-येता कुठेच थरथर नव्हती.

कृष्णकांत गाडी घेऊन निघाले. पण एका चाचणीवर अहवाल लिहायची त्यांना सवय नव्हती. दोष मुद्दाम पुन्हा घडवता आला तरच त्याचं कारण खरं. ते एकटेच शिरढोणला गेले, थांबले, डावं दार उघडलं. फाट्यावर कुणी नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी दार लावलं.

परतताना साठला थरथर सुरू झाली.

त्यांचं समाधान झालं. शिरढोणला थांबायचं नाही, एवढाच उपाय. हॉल तर विरुद्ध दिशेला होता. करंजाड्याला आपल्या इमारतीखाली गाडी लावून, कुलूप घालून ते वर गेले.

रविवारी सकाळी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. कृष्णकांत चालवायला बसले, शेजारी त्यांची पत्नी शोभा. अनुया उजव्या दाराने मागे एकटीच बसली. डावं दार कुणी उघडलं नाही.

गेटबाहेर पडताना गतिरोधकावर गाडी मागून खाली टेकली. कृष्णकांतांनी आरशात पाहिलं. अनुया उजव्या दाराला चिकटून बसली होती.

"अगं, अवघडून का बसलीस? मध्ये सरक की," शोभा म्हणाली.

"असू दे गं आई," अनुया म्हणाली. "मेथीचा वास येतोय का तुला?"

आणि सीटवर पसरलेला शालूचा पदर तिने ओढला. तो चटकन निघाला नाही. दुसऱ्यांदा ओढल्यावर सुटला, तेव्हा डावीकडे न बघताच ती हळूच म्हणाली, "थँक्यू."