दादाला वर ओढलं त्या दुपारी

दिवसभर लोकांचे डोळे तपासून चष्मे विकणाऱ्या माणसाला घरचे दुसरं काय म्हणणार? थोरला भाऊ त्याला चष्म्या म्हणायचा आणि तेच नाव पडलं. दादा सुतारकाम करायचा. भंगारात निघालेली एक लाकडी शिडाची बोट, दोघांच्याही वयापेक्षा जुनी, त्याने घरी आणली आणि फळी फळी बदलून उभी केली. दोन माणसं कशीबशी पाय पसरतील एवढी केबिन, मध्ये डोलकाठी, मागे सुकाणू. इंजिन नाही. वहिनी म्हणायची, लावून घ्या एखादं लहानसं. दादा म्हणायचा, "मग बोट कशाला, टॅक्सीच घेतो की!"

सुट्टीच्या दिवशी दोघे भाऊ डबे घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने जायचे आणि दिवेलागणीच्या आत परतायचे. त्या दिवशीही तसेच निघाले. ऊन धुरकट होतं, वारा बेताचा. दुपारी चष्म्याने सुकाणू धरलं होतं. उकडतंय म्हणून दादाने लाइफ जॅकेट काढून ठेवलं आणि शीड सैल करायला तो उभा राहिला. वारा एकाएकी फिरला. शिडाखालची आडवी काठी गर्रकन या अंगाची त्या अंगाला गेली, दादाच्या कपाळावर बसली, आणि दादा पाण्यात.

शिडाच्या बोटीला ब्रेक नसतो. चष्म्याला मोठा फेरा घेऊन मागे यावं लागलं. लाटेपलीकडे दादाचं डोकं दिसलं तशी त्याने दोरी बांधलेली रबरी रिंग फेकली. दादाने ती धरली. मग काखेत हात घालून, कडेला गुडघे रोवून, चष्म्याने त्याला आत ओढलं. दादा भिजलेल्या ओंडक्यासारखा जड लागत होता.

"दादा! बोल ना काहीतरी!"

"घरी चल," दादा म्हणाला.

त्याला धाप लागली नव्हती. साधा ठसकाही नाही. पाणी कोमट होतं, दादाचे हात मात्र बर्फ. टॉवेल गुंडाळताना चष्म्याने त्याचं कपाळ पाहिलं. साधं खरचटलंही नव्हतं. वाचलो, असं वाटून चष्म्याला रडूच फुटलं.

तेवढ्यात मागून हाक आली.

"चष्म्या! अरे, वळव!"

त्याने वळून पाहिलं. बऱ्याच अंतरावर एक डोकं वरखाली होत होतं. एक हात वर झाला. आवाज दादाचा होता.

"तिकडे बघू नकोस," बोटीतला दादा म्हणाला. "मला थंडी वाजतेय."

चष्म्याने सुकाणू फिरवलं. पाण्यात माणूस आहे, कोण आहे ते नंतर बघू, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. जवळ गेल्यावर चेहरा स्पष्ट दिसला. भुवई फाटली होती. रक्त डोळ्यात उतरत होतं.

"दादा, त्या दोरीला हात लाव! शीड खाली घे!"

बोटीतला दादा हलला नाही. गुडघ्यांवर हात ठेवून बघत बसला.

चष्म्याने रिंग फेकली. कमी पडली. वाऱ्याने बोट पुढे रेटली. पुन्हा फेरा, पुन्हा रिंग. या वेळी पाण्यातल्या बोटांनी दोरी धरली. चष्म्याच्या तळहाताला ओढ बसली, खरीखुरी, जिवंत माणसाची ओढ.

"सोडू नकोस रे," पाण्यातला म्हणाला.

"नाही सोडत! दादा, नाही सोडत!"

ओढ संपली. दोरी हलकी झाली.

तो फेऱ्यांवर फेरे मारत राहिला, हाका मारत राहिला. आवाज बसला. ऊन कललं.

"किती फिरशील?" शेजारून शांत आवाज आला. "मी इथेच आहे ना."

उशीर झाला म्हणून वहिनी धक्क्यावर येऊन उभी होती. उतरताच त्याने गस्तीच्या बोटवाल्यांना गाठलं. माणूस बुडालाय, आत्ताच्या आत्ता चला, म्हणाला. कोण बुडालंय, त्यांनी विचारलं.

"माझा भाऊ."

"मग हे कोण?"

"माझा भाऊ," चष्म्या म्हणाला. त्यांनी त्याला पाणी प्यायला दिलं. तरी बिचारे अंधार पडेपर्यंत शोधून आले. काही मिळालं नाही.

घरी दादा पूर्वीसारखाच वागू लागला. वेळेवर जेवायचा, रंधा मारायचा, वहिनीची भांडी घासून द्यायचा. चष्म्याला मात्र तो आता चष्म्या म्हणत नव्हता. कसलीच हाक मारत नव्हता. चष्म्या रोज दुकान उघडण्याआधी एकटाच बोट घेऊन बाहेर पडायचा, त्या जागेभोवती घिरट्या घालायचा. दुकानात गिऱ्हाइकाला समोरची अक्षरं वाचायला लावताना त्याचे स्वतःचेच डोळे भरून यायचे.

शेवटी एका सकाळी तो स्वयंपाकघरात गेला. वहिनी ओट्याशी उभी होती.

"वहिनी, दादामध्ये तुम्हाला काही वेगळं वाटत नाही?"

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि दार लोटून घेतलं.

"भावजी, आता शोधायला जाऊ नका."

"म्हणजे तुम्हाला..."

"त्या दिवशी धक्क्यावरच कळलं मला," ती कुजबुजली. "पण घर खायला उठलं असतं हो. हे तरी राहू देत."

दाराबाहेर रंध्याचा आवाज चालू होता. तो थांबला.