एक जण आत, एक जण खाली

दिवा राहू दे तसाच, मंदच बरा. आणि खरं का खोटं, असं मधेच कोणी विचारू नका. ज्याच्यावर बेतलं त्याने माझ्यासमोर बसून सांगितलंय. तो माणूस खोटं किती सफाईने बोलतो ते मला ठाऊक आहे, आणि त्या दिवशी त्याला ती सफाई जमत नव्हती.

दोघा भावांतला थोरला आणि मी बावीस वर्षं एकाच कारखान्यात लेथवर होतो. त्याच्याकडे एक लाल, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्‌स कार होती, अठ्ठावीस वर्षांची. त्याची बायको म्हणायची, माझी सवत निदान माझ्याहून लहान तरी आहे. पुढे गाडीचे मागचे शॉकअप गेले. एका खड्ड्यातून गेली की गाडी पुढच्या वळणापर्यंत डुलत राहायची. थोरल्याने नवे मागवले आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच बसवायचं ठरवलं. जुने काढायचे, नवे लावायचे, त्यात अवघड काही नाही. पण खालचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीत माणसाचं वजन असताना. चाकं लोंबकळत असताना आवळला, तर आतलं रबर पिळवटून फाटतं. म्हणून तो सांगायचा, या कामाला दोघं लागतात, एक जण आत, एक जण खाली.

त्याने धाकट्या भावाला बोलावलं. धाकट्याचं चष्म्याचं दुकान, दोन गल्ल्या सोडून. पहिल्या रविवारी दुकानात माल यायचा होता. दुसऱ्या रविवारी पाठ धरली होती. तिसऱ्या रविवारी साहेब हो म्हणाले आणि दुपारी पंखा लावून झोपले.

बायको त्या दिवशी बहिणीकडे गेली होती. थोरल्याने चारपर्यंत वाट पाहिली, मग एकटाच खाली शिरला. वजनाला माणूस नाही, म्हणून त्याने एक्सलखाली जॅक लावून खालूनच दाब दिला. गाडी टेकूच्या घोडीवरून उचलली गेली आणि घसरली... पुढचं सांगत नाही.

लोक जमले तेव्हा थोरल्याच्या बायकोने धाकट्याला विचारलं, भाऊजी, तुम्हाला बोलावलं नव्हतं का त्यांनी? भावाची तक्रार बायकोकडे करायची नाही हा थोरल्याचा खाक्या, त्यामुळे तिला काहीच माहीत नव्हतं. धाकट्याने सरळ काखा वर केल्या. म्हणाला, नाही हो वहिनी, दादाचा हट्ट तुम्हाला ठाऊकच आहे. त्याचा हिशोब सरळ होता, मेलेला माणूस थोडाच साक्ष द्यायला येतो?

वर्षाने वहिनीने गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक रविवारी सकाळी यायचं होतं. नवे शॉकअप लागलेले, पण खालचे बोल्ट नुसते हातानेच फिरवलेले. ते काम पुरं करायला धाकटा आपण होऊन पुढे आला. माया वगैरे काही नाही. गाडी गेली की विषय मिटला, त्याला तेवढंच हवं होतं.

नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे पावणेनऊ. त्याने चाकं चढवली, मागची दोन्ही जाड फळ्यांवर घेतली आणि वहिनीला म्हणाला, दहा मिनिटं आत बसता का? त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही, असं सांगून ती घरात गेली. धाकट्याने विचार केला, वजन नसलं तर नसलं, विकायचीच तर आहे. तो पाठीवर सरकत खाली शिरला. बोल्टला पाना लावला.

गाडी बसली.

ड्रायव्हरच्या बाजूला, हळूच. कोणी सीटवर टेकावं तशी. दाराचा आवाज मात्र आला नाही.

त्याला वाटलं, वहिनीचं मन वळलं. "आलात? बरं झालं," तो म्हणाला. त्याने तो बोल्ट आवळला, मग दुसऱ्या बाजूचा.

"झालं वहिनी. उतरा आता."

कोणी उतरलं नाही.

भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात नळ चालू होता. भांडी विसळल्याचा आवाज... आणि वहिनीचा खोकला.

गाडी आणखी खाली आली. बोटभर. थांबली. पुन्हा बोटभर. फळ्या जागच्या जागी होत्या. चाकांत हवा होती. तळाचं लोखंड त्याच्या छातीला लागलं. सरकता येईना. श्वास अर्धाच आत. ओरडायला दम नव्हता.

"दादा..."

"दादा, पाठ दुखत नव्हती माझी."

गाडी थांबली. उठली नाही.

"बोलावलं होतंस. तिन्ही रविवार. मी... झोपलो होतो."

वजन उठलं.

शर्ट फाटेपर्यंत घासत तो बाहेर आला. गॅरेजच्या दारात वहिनी उभी होती. हाताला साबण तसाच. तिने सगळं ऐकलं होतं.

"वर्षभर मी त्यांच्या फोटोशी भांडतेय, भाऊजी," ती म्हणाली. "एकट्यानेच कशाला शिरलात म्हणून. रोज भांडतेय."

त्याने हात जोडले. तिने फाटकाकडे बोट दाखवलं. त्या घरात त्याचं पाऊल पुन्हा पडलेलं नाही, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. भूत परवडलं, पण असा भाऊ नको.

रविवारी दहाला गिऱ्हाईक आलं, जुन्या गाड्यांतला जाणता माणूस. वहिनीने शेजाऱ्याकडून फळ्या काढवून गाडी सपाट अंगणात उभी करून घेतली होती. काचांवर ऊन होतं, आतलं दिसत नव्हतं. तो दहा पावलं मागे उभा राहिला. मान तिरकी केली. मग वहिनीला म्हणाला, "आत बसलेत त्यांना जरा उतरायला सांगता? मागची उंची बघायची होती."

गाडीला कुलूप होतं. किल्ली वहिनीच्या मुठीत होती. तिने सांगितलं, गाडी विकायची नाही.

दोन मेकॅनिकनी स्प्रिंगा काढून मोजल्या, शॉकअप उतरवून तपासले. कशात काही खोट नाही. मी स्वतः पट्टी लावून आलोय. रिकामी गाडी, ड्रायव्हरच्या बाजूला दोन बोटं खाली.