सातवी काच

तिच्या बाबांचा जन्म काचा कापण्यात गेला, आणि लेक संगणकावर खिडक्या घडवायला शिकली. घरांचे आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मनाजोगती खिडकी आखायची सोय ती सुधारत होती. चौकट आखली, आडव्या-उभ्या पट्ट्या टाकल्या, की एकेका काचेचं माप आपसूक यादीत यावं. बाबांचा नियमही तिने त्यात घातला होता: चौकटीपेक्षा काच दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी. काचेलाही अंग हलवायला जागा लागते.

काल तिच्याच मापांवर बाबांनी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीसाठी सहा काचा कापल्या. आज ते त्या बसवणार होते. सुधारलेली सोय तपासायला तिने तीच खिडकी पुन्हा उघडली.

यादीत सात काचा आल्या.

पट्ट्या पुसून तिने पुन्हा आखल्या. सातच. सातवीला एकही सरळ कड नव्हती. वेणी मागे टाकून तिने आकार मोठा करून पाहिला.

डोकं. उतरता उजवा खांदा. वर गेलेला डावा हात, त्याला तीनच बोटं.

बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं तरुणपणी काचेनेच नेली होती.

तिने फोन लावला.

"बाबा, कुठे आहात?"

"जिन्यात. खांद्यावर काच आहे, पटकन बोल."

"वर जाऊ नका. माझं माप चुकलंय."

"काचा कापून झाल्यावर सांगतेस होय गं? धन्य तुझं यंत्र."

"बाबा, पाया पडते तुमच्या."

पलीकडे काच भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

"बरं बाई. उतरतो खाली."

फोनमध्ये रस्त्याची वर्दळ ऐकू येईपर्यंत ती हलली नाही. मग यादीकडे पाहिलं. सहा. तिच्या जिवात जीव आला.

"पण ऐक," बाबा म्हणाले. "चुकलंय म्हणतेस ना, मग उद्या तूच वर चढ. चौकटीत उभी राहून आपल्या हाताने माप घे. नाहीतर आहेत त्याच काचा मी बसवतो."

"नको, तुम्ही नको. मी येते."

यादी आपसूक हलली.

सात.

आकार आता लहान होता. बोटं पाचही होती. डोक्याच्या एका बाजूने वेणी वर उडालेली.

भोवती नेमकी दोन सूत जागा, अंग हलवण्यापुरती.